डुलकीच्या आधीचे तास

झोप आणि जाग यांच्या मधल्या अवस्थेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. डोळ्यांवर येते ती झापड, मान पुढे कलते ती पेंग, काही क्षण भान सुटते ती डुलकी, आणि हे सारे माणसाच्या नकळत घडून गेल्यावर ‘डोळा लागला’ असे म्हटले जाते. या शेवटच्या वाक्प्रयोगात कर्ता डोळा आहे, माणूस नाही, आणि निद्राशास्त्राने गेल्या काही दशकांत प्रयोगांनी जे दाखवून दिले त्याच्याशी ही वाक्यरचना चांगलीच जुळते. कारण पुरेशी झोप न मिळालेल्या शरीराने जागे राहायचे की नाही हे ठरविण्याचा अधिकार एका मर्यादेपलीकडे त्या माणसाच्या हाती उरत नाही. ट्रक, टँकर, एसटी, खाजगी ट्रॅव्हल्स किंवा भाड्याची जीप चालवून पोट भरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही गोष्ट विशेष गंभीर ठरते, कारण बाकीची वस्ती ज्या तासांत झोपलेली असते, बहुधा तेच त्याच्या कामाचे तास असतात.

माणसाला झोप का येते याचे आज सर्वत्र स्वीकारले गेलेले स्पष्टीकरण झुरिकमधील संशोधक आलेक्झांडर बोर्बेली यांनी 1982 मध्ये मांडले. त्यानुसार झोपेवर दोन स्वतंत्र प्रक्रियांचे नियंत्रण असते. पहिली प्रक्रिया म्हणजे झोपेचा साठत जाणारा दाब: माणूस जागा असतो तोवर मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते, त्याने मेंदूचे काम हळूहळू मंदावते, आणि झोप घेतल्यावरच हा साठा ओसरतो. दुसरी प्रक्रिया म्हणजे शरीरातील जैविक घड्याळ, जे मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा एकमेकींना छेदतात त्या जागेच्या किंचित वर असलेल्या पेशींच्या एका लहानशा पुंजक्यात असते आणि सूर्यप्रकाशाच्या आधाराने सुमारे चोवीस तासांची लय राखते. या घड्याळाची रेणूंच्या पातळीवरील यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना 2017 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घड्याळाच्या या लयीत चोवीस तासांत दोन उतार येतात. एक दुपारी दोन ते चारच्या सुमारास येतो, ज्याची सोय पूर्वीच्या लोकांनी वामकुक्षीने करून ठेवली होती. आणि दुसरा, फार मोठा उतार मध्यरात्रीनंतर दोन ते पहाटे सहा या वेळात येतो, जेव्हा शरीराचे तापमान सर्वांत कमी असते आणि जिला मराठी माणूस साखरझोप म्हणतो ती झोप लागते. या वेळी जो वाहन चालवीत असतो त्याच्यावर दोन्ही प्रक्रियांचा भार एकाच वेळी पडतो: दिवसभराच्या जागरणाने साठलेला दाब आणि घड्याळाने दिलेली झोपेची आज्ञा.

हे सामान्य शास्त्र बुलढाणा जिल्ह्याला विशेष रीतीने लागू पडते, आणि त्याचे कारण भूगोलात आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे या जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यातून, खामगाव, नांदुरा आणि मलकापूर या गावांजवळून पूर्वीचा सहा क्रमांकाचा आणि आताचा त्रेपन्न क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग जातो, ज्यावरून नागपूर आणि त्यापलीकडच्या राज्यांतील माल गुजरातकडे व मुंबईकडे वाहतो. घाटावर मेहकर आणि सिंदखेड राजावरून नागपूर-पुणे हा जुना मार्ग जातो, आणि लोणार, मेहकर, सिंदखेड राजा व देऊळगाव राजा या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर आणि पुणे यांमधल्या सुमारे सातशे किलोमीटरच्या प्रवासात जिल्ह्याचा हा घाटावरचा भाग जवळजवळ मध्यावर पडतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्स दोन्ही शहरांतून संध्याकाळी किंवा रात्री सुटतात, म्हणजे त्या पूर्वेकडून आल्या काय किंवा पश्चिमेकडून आल्या काय, या भागात पोहोचतात तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते, प्रवासी झोपलेले असतात, जेवणाचा थांबा मागे पडून दोन-तीन तास झालेले असतात आणि पुढचे शहर अजून दूर असते. नकाशावरचे अंतर अशा रीतीने घड्याळातील वेळेत रूपांतरित होते, आणि सर्वांत धोक्याची वेळ याच जिल्ह्याच्या वाट्याला येते.

1 जुलै 2023 रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास सिंदखेड राजा तालुक्यातील पिंपळखुटा गावाजवळ समृद्धी महामार्गावर जो अपघात झाला, तो महाराष्ट्राच्या स्मरणातून सहजी जाणारा नाही. नागपूरहून पुण्याकडे निघालेली खाजगी बस रस्त्याकडेच्या खांबाला आणि मग दुभाजकाला धडकून उलटली, दरवाजाची बाजू खाली गेल्याने बाहेर पडण्याची वाट बंद झाली, इंधनाने पेट घेतला आणि बसमधील 33 जणांपैकी 25 जणांचा मृत्यू झाला. जे आठ वाचले त्यांतील काही जण काच फोडून बाहेर पडले. टायर फुटल्याने ताबा सुटला असे चालकाचे म्हणणे होते, परंतु परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याचा पुरावा आढळला नाही आणि चालकाला डुलकी लागली असावी अशी शक्यता तिथे नोंदविली गेली. पुढे न्यायवैद्यक तपासणीत चालकाच्या रक्तात मद्याचा अंश आढळल्याचेही जाहीर झाले. या दोन कारणांपैकी खरे कोणते असा वाद त्या वेळी वर्तमानपत्रांतून रंगला, पण शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही दोन कारणे एकमेकांना वगळणारी नाहीत. झोपेला मुकलेल्या माणसावर थोड्याशा मद्याचा परिणामही अनेक पटींनी होतो, आणि रात्रीच्या उतारावर तो आणखी वाढतो, हे प्रयोगांतून वारंवार दिसून आले आहे. कारण म्हणून मद्य सापडले की झोपेचा विचार सोडून द्यायचा, ही सवय तपासाच्या दृष्टीने घातक आहे.

त्याच महिन्याच्या 29 तारखेला घाटाखाली, मलकापूरजवळ राष्ट्रीय महामार्गावर दोन खाजगी बस समोरासमोर धडकून सहा जण मृत्युमुखी पडले; त्यांतील एका बसमध्ये अमरनाथ यात्रेहून हिंगोलीकडे परतणारे यात्रेकरू होते. तो अपघात एका वाहनाला ओलांडून पुढे जाताना झाला आणि त्यामागे डुलकीच होती असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ती वेळही मध्यरात्रीनंतरची, पहाटेच्या आधीची होती. समोरून येणाऱ्या दिव्यांवरून अंतराचा आणि वेगाचा अंदाज बांधणे हे काम ज्या मेंदूने करायचे, तो मेंदू त्या तासाला पूर्ण जागा नसतो, आणि झोप न लागताही निर्णय चुकू शकतो, ही गोष्ट अशा अपघातांचा विचार करताना ध्यानात ठेवावी लागते.

डुलकी म्हणजे नेमके काय, हे पाहिल्यास तिची भीषणता अधिक स्पष्ट होते. शास्त्रज्ञ जिला सूक्ष्मनिद्रा म्हणतात ती अर्ध्या सेकंदापासून पंधरा सेकंदांपर्यंत टिकते, त्या काळात मेंदूतील विद्युतलहरींचा आलेख झोपलेल्या माणसासारखा होतो, आणि विशेष म्हणजे डोळे उघडे असतानाही हे घडू शकते. ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे 28 मीटर कापते, त्यामुळे चार सेकंदांच्या डुलकीत ती 111 मीटर, म्हणजे एका फुटबॉलच्या मैदानाहून अधिक अंतर चालकाविना गेलेली असते. अशा अपघाताच्या खुणाही ठरावीक असतात: वाहन सरळ जाता जाता हळूहळू कडेला कलते, पुढच्या वाहनावर मागून आदळते किंवा दुभाजकावर चढते, आणि रस्त्यावर ब्रेकच्या घासलेल्या रेघा दिसत नाहीत. जागा असलेला माणूस शेवटच्या क्षणी तरी पाय दाबतो, हात फिरवितो. झोपलेल्याकडून ते होत नाही, म्हणून अशा अपघातांत वेग मुळीच कमी झालेला नसतो आणि मृत्यूचे प्रमाण जास्त असते.

या खुणा इतक्या स्पष्ट असूनही झोपेमुळे किती अपघात होतात याचा हिशेब सरकारी आकडेवारीत सापडत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, आणि नियमभंगाच्या प्रकारानुसार त्यांची विभागणी करताना अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन चालविणे, लाल दिवा ओलांडणे आणि मोबाइलचा वापर असे रकाने दिलेले आहेत, तर उरलेले सारे ‘इतर’ या रकान्यात जाते. झोपेला स्वतंत्र रकाना नाही. चालक डुलकीत असलेले वाहन वेगातच आदळते, त्यामुळे असा अपघात बहुधा अतिवेगाच्या खात्यात जमा होतो, आणि मग उपाय म्हणून वेगाचे कॅमेरे बसविले जातात. मद्याचा अंश श्वासाच्या यंत्रात दिसतो, वेग कॅमेऱ्यात दिसतो. झोपेची कमतरता मात्र अपघातानंतर कोणत्याही यंत्राने मोजता येत नाही, कारण अपघाताच्या धक्क्याने माणूस पूर्ण जागा झालेला असतो. ती शोधायची तर मागच्या दोन-तीन दिवसांत चालक केव्हा आणि किती झोपला हे विचारावे लागते.

समृद्धी महामार्गाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. 701 किलोमीटरच्या या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 रोजी इगतपुरीपासून पुढचा शेवटचा टप्पा सुरू होऊन तो पूर्ण झाला. या रस्त्यावर गाव नाही, चौक नाही, समोरून वाहन येत नाही, बैलगाडी आडवी येत नाही. सरळ, रुंद, एकसुरी काँक्रीट तेवढे तासन्तास चाकाखालून सरकत राहते. अशा रस्त्यावर मेंदूला नवे काही टिपायचे उरत नाही, नजर समोर असूनही लक्ष विझत जाते आणि गेलेले मैल आठवेनासे होतात. या अवस्थेला महामार्ग संमोहन असे नाव आहे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 2023 मध्ये समृद्धीवरील अपघातांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांनी याच संमोहनाकडे लक्ष वेधले होते. पहिल्या काळात या रस्त्यावर थांबण्याच्या सोयीही फार तुटपुंज्या होत्या; इंधनाचा पंप सोडला तर चहा, पाणी, स्वच्छतागृह आणि गाडी उभी करून डोळे मिटण्याची सुरक्षित जागा अनेक किलोमीटरपर्यंत मिळत नसे. जुना नागपूर-पुणे रस्ता खड्ड्यांचा आणि वळणांचा होता, त्यानेही पुष्कळ बळी घेतले, आणि त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही मेहकरचा फाटा, दुसरबीडची वस्ती, गतिरोधक, रात्रभर उघडी असणारी टपरी या साऱ्यांमुळे चालकाला दर अर्ध्या तासाला काहीतरी करावे लागे. नव्या रस्त्याने ही सक्तीची जाग काढून घेतली आणि तिच्या जागी विश्रांतीची सोय मात्र वेळेवर दिली नाही. पुढे वाहनचालकाला हादरा देणाऱ्या पट्ट्या, रंगीत फलक, झेंडे असे उपाय झाले, आणि त्यांचा काही उपयोगही असेल. परंतु हे उपाय कंटाळलेल्या चालकाला सावध करतात, झोपेला मुकलेल्या चालकाला झोप देत नाहीत.

येथे कंटाळा आणि झोपेचे कर्ज यांतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात झालेला आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत मूलभूत मानला जातो. त्यात निरोगी माणसांना सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले, तेव्हा अखेरीस त्यांची लक्ष देण्याची क्षमता संपूर्ण रात्र जागून काढलेल्या माणसांइतकी खाली आली होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की पहिल्या काही दिवसांनंतर त्या माणसांना आपली पेंग वाढत चालली आहे असे वाटेनासे झाले. त्यांची कामगिरी घसरतच राहिली, पण आपल्याला सवय झाली आहे असा त्यांचा समज होता. ‘रोजची सवय आहे, काही होत नाही’ हे चालकाच्या तोंडचे वाक्य म्हणून खोटे बोलणे नसते. ज्या मेंदूने स्वतःची परीक्षा घ्यायची तोच मेंदू थकलेला असतो, आणि त्याचा निकाल चुकतो.

रात्रपाळीच्या चालकाची दिवसाची झोप कशी असते हे जवळून पाहिले, तर हे कर्ज कसे साठते ते कळते. रात्रभर गाडी हाकून ती सकाळी शहराबाहेरच्या मोकळ्या मैदानात किंवा पंपाच्या मागे उभी केली जाते. आधी गाडी धुणे, डिझेल, पंक्चर, हिशेब, मालकाचा फोन ही कामे उरकतात. मग चालक बसच्याच मधल्या वाटेत सतरंजी टाकतो, किंवा सामानाच्या डिकीचे झाकण वर करून आत आडवा होतो, आणि ट्रकचा चालक केबिनमधल्या आडव्या फळीवर, इंजिनाची धग अजून निवलेली नसताना, पाय दुमडून पडतो. वऱ्हाडातल्या मे महिन्यात बाहेरचा पारा 43-44 अंशांवर असतो आणि पत्र्याच्या केबिनमध्ये तो त्याहून वर जातो, तर झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान किंचित उतरावे लागते. शिवाय जैविक घड्याळ दिवसा जागे राहा असेच सांगत असते, त्यामुळे अंधार आणि गारवा असला तरी दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा एक-दोन तासांनी लहानच राहते. फोन वाजतो, क्लीनर हाक मारतो, शेजारची गाडी हॉर्न देते, आणि चार तासांच्या तुटक झोपेनंतर संध्याकाळी पुन्हा तीच फेरी सुरू होते.

देवदर्शनाच्या गाड्यांची गत वेगळी असली तरी हिशेब तोच आहे. शेगावचे गजानन महाराजांचे मंदिर आणि सैलानी बाबांचा दर्गा यांमुळे वर्षभर या जिल्ह्यात भाड्याच्या जीप आणि टेम्पो ट्रॅव्हलरची वर्दळ असते. 15 ऑक्टोबर 2023 रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ ज्या टेम्पो ट्रॅव्हलरची ट्रकला मागून धडक बसून 12 जण गेले, ते भाविक सैलानीहूनच नाशिककडे परतत होते. त्या अपघाताच्या तपासात उभ्या केलेल्या ट्रकचा प्रश्नही होता आणि त्याचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु अशा सहलींची सर्वसाधारण रीत अशी असते की चालक पहाटे घर सोडतो, दिवसभर वाहनतळावर उन्हात थांबून राहतो आणि मुक्कामाचा खर्च नको म्हणून रात्रीच परत निघतो. प्रवाशांच्या दृष्टीने त्याने दिवसभर आराम केलेला असतो. थांबून राहणे आणि झोपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अॅडेनोसिनचा साठा थांबल्याने कमी होत नाही.

आतापर्यंत झाली ती झोप न मिळण्याची गोष्ट. याशिवाय असेही चालक आहेत जे रात्री आठ तास अंथरुणात असतात आणि तरीही स्टेअरिंगवर पेंगतात, आणि त्यांच्यातील पुष्कळांना निद्राश्वासरोध, म्हणजे स्लीप अॅप्निया, हा विकार असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. हवा त्या अरुंद वाटेने जाताना जो आवाज होतो ते घोरणे. निद्राश्वासरोधात ही वाट दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ पुरती बंद होते, रक्तातील प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, माणूस दचकून मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. तासाला असे तीस किंवा अधिक अडथळे आले तर विकार तीव्र समजला जातो, म्हणजे एका रात्रीत दोनशेहून अधिक वेळा झोप मोडते आणि सकाळी त्याला त्यातले काहीही आठवत नाही. वजन वाढलेले असणे, मान जाड असणे, मध्यम वय आणि पुरुष असणे या गोष्टींनी हा धोका वाढतो. दिवसभर बसून असलेले काम, धाब्यावरचे अवेळी जेवण आणि व्यायामाचा अभाव यांमुळे चालकांच्या व्यवसायात या साऱ्या गोष्टी एकत्र येतात. उपचार न घेतलेल्या अशा चालकांच्या हातून अपघात होण्याचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो, असे अनेक देशांतील अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात.

आपल्याकडे अडचण अशी की घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण समजले जाते. ‘ढाराढूर झोपलाय, घोरतोय’ असे कौतुकाने म्हटले जाते, आणि श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो ही गोष्ट ज्यांना ठाऊक असते ती घरातील पत्नी किंवा गाडीतला क्लीनर यांना कोणी विचारत नाही. वास्तविक प्राथमिक चाळणीला यंत्रही लागत नाही. मेलबर्नमधील डॉक्टर मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये तयार केलेल्या एपवर्थ प्रश्नावलीत केवळ आठ प्रश्न आहेत: वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी पडल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर अशा निरनिराळ्या प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, याला शून्य ते तीन असे गुण द्यायचे आणि बेरीज दहाच्या वर गेली तर तपासणीला पाठवायचे. शेवटचा प्रश्न मोटारीत बसलेले असताना गाडी काही मिनिटे रहदारीत थांबली तर काय होते, असा आहे. रेल्वे फाटकापाशी किंवा टोलच्या रांगेत ज्याची मान कलते, त्याचे उत्तर या प्रश्नावलीने मागण्याआधीच मिळालेले असते. उपचारही उपलब्ध आहे: 1981 मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन यांनी शोधलेल्या सीपॅप यंत्रातून नाकावाटे सौम्य दाबाची हवा दिली जाते आणि तिने घसा उघडा राहतो. अमेरिकेतील एका मोठ्या ट्रक कंपनीच्या चालकांवर झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, विकार असूनही हा उपचार न घेणाऱ्या चालकांकडून टाळता येण्याजोगे गंभीर अपघात इतरांच्या पाच पट झाल्याचे दिसले. अर्थात हे यंत्र विजेवर चालते आणि ज्याची रात्र किंवा दिवस केबिनमध्येच जातो त्याने ते कोठे लावायचे, हा प्रश्न डॉक्टरच्या चिठ्ठीने सुटत नाही.

कायद्याने या बाबीकडे कसे पाहिले आहे तेही तपासण्यासारखे आहे. वाहन परवान्याच्या अर्जासोबत जे आरोग्यविषयक घोषणापत्र भरावे लागते त्यात फेफरे, चक्कर, दृष्टी, रंगांधळेपणा, रातांधळेपणा, बहिरेपणा यांबद्दल प्रश्न आहेत. घोरण्याचा किंवा दिवसा पेंग येण्याचा प्रश्न नाही. युरोपीय संघाने 2014 च्या निर्देशाने निद्राश्वासरोधाचा समावेश परवान्याच्या वैद्यकीय निकषांत केला. भारतीय मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य आढळल्यास पहिल्या गुन्ह्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लगेच पुढचे कलम 186 शारीरिक किंवा मानसिक दृष्ट्या वाहन चालविण्याच्या स्थितीत नसताना ते चालविण्याविषयी आहे, आणि त्याला पहिल्या वेळी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखविले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 50 मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते, आणि चोवीस तासांनंतर ती सुमारे शंभर मिलिग्रॅमच्या पातळीला जाते. सकाळी सातला उठून संध्याकाळी गाडीवर चढलेला चालक मध्यरात्री सिंदखेड राजाच्या हद्दीत येतो तेव्हा त्याचे सतरा तास पूर्ण झालेले असतात, म्हणजे थेंबभर न पिताही तो कायद्याने मद्यासाठी आखलेली रेषा ओलांडून गेलेला असतो.

कामाच्या तासांबद्दल नियम नाहीत असे मुळीच नाही. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, आणि मोटार वाहन कायद्याने हेच तास चालकांना लागू केले. आता तो कायदा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावला गेला आहे. परंतु तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होता, तर ट्रक आणि भाड्याच्या गाड्यांचा धंदा एक-दोन गाड्यांच्या मालकांवर चालतो. शिवाय तास मोजायचे कसे हा प्रश्न राहतोच. युरोपात साडेचार तास चालविल्यावर 45 मिनिटांचा खंड सक्तीचा आहे आणि टॅकोग्राफ नावाचे यंत्र चालकाच्या नावाने प्रत्येक तासाची नोंद ठेवते. समृद्धी महामार्गावर वाहन कोठून, केव्हा चढले आणि कोठे उतरले याची नोंद टोलसाठी आपोआप होते, मात्र ती नोंद गाडीची असते, ती हाकणाऱ्या माणसाची नसते. नॅशनल परमिटच्या मालवाहू गाडीवर दोन चालक असण्याची जी अट पूर्वी होती तीही 2018 मध्ये काढून टाकण्यात आली. उलट दिशेचे एक चांगले पाऊल असे की 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे बंधनकारक झाले आहे.

चालक स्वतः जे उपाय करतात त्यांतील बरेचसे दिलासा देण्यापुरतेच असतात. खिडकी उघडून वारा घेणे, गाण्यांचा आवाज वाढविणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूचा बार भरणे यांनी पाच-दहा मिनिटे हुशारी वाटते आणि नंतर झापड पुन्हा येते. ब्रिटनमधील लफबरो विद्यापीठाच्या प्रयोगांत गार हवा आणि रेडिओ यांचा परिणाम असाच क्षणिक दिसला. चहा-कॉफीतील कॅफिन मात्र खरे काम करते, कारण अॅडेनोसिन मेंदूत ज्या जागी चिकटते ती जागा ते अडवून धरते. पण त्याला रक्तात उतरायला वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून झापड येताच गाडी सुरक्षित जागी घेऊन, कडक चहा किंवा कॉफी घेऊन लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपणे हा प्रयोगांनी सिद्ध झालेला सर्वांत परिणामकारक तात्पुरता उपाय आहे: जाग येण्याच्या सुमारास कॅफिन कामाला लागलेले असते. झोप वीस मिनिटांहून फार लांबू देऊ नये, कारण गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचा मेंदू काही वेळ जड राहतो आणि त्या स्थितीत लगेच गाडी हाकणे धोक्याचे असते. रात्रीच्या फेरीआधी दुपारी दीड-दोन तास अंधाऱ्या जागी झोपणे याहूनही हितकारक असते.

पण वीस मिनिटे थांबायची परवानगी चालकाला कोण देतो? पुण्याला सकाळी सहाला पोहोचण्याचे तिकीट प्रवाशांनी काढलेले असते, उशीर झाला की तक्रार होते, मालाच्या गाडीला उशिराचा पैसा भाड्यातून कापला जातो, आणि काळोखात रस्त्याच्या कडेला उभी केलेली गाडी मागून येणाऱ्याच्या धडकेचे कारण ठरते. म्हणून त्या वीस मिनिटांची तजवीज वेळापत्रकातच व्हावी लागते: मध्यरात्रीनंतरच्या प्रवासात ठरलेला थांबा, तो तिकिटावर छापलेला, आणि त्या थांब्यावर फाटकाच्या आत गाडी लावण्याची जागा, पिण्याचे पाणी, डिझेल आणि सामानाची चोरी होणार नाही इतकी राखण, आणि चार-सहा खाटांची एक अंधारी, पंख्याची खोली, जिचे दार आतून लावता येईल आणि जिथे फोन वाजला तरी कोणी हाक मारून उठविणार नाही.